प्रमाणित पेशंट मर्व्ह ट्रेगीर

मर्व्ह ट्रेगीर बोलायला लागला की समोरचा माणूस आपण कशासाठी आलो होतो हेच विसरायचा, आणि मर्व्हचा धंदा नेमका तिथून सुरू व्हायचा. मेलबर्नच्या पश्चिमेला सनशाइनमध्ये, बॅलरॅट रोडवर, जुन्या गाड्या विकणाऱ्या एका आवारात त्याने उभी हयात काढली. गिऱ्हाइकाने "जरा विचार करतो" म्हटलं की त्याच्या वतीने विचार मर्व्हच करून टाकायचा. वाक्य गिऱ्हाइकाने सुरू करायचं आणि मर्व्हने संपवायचं, अशी तिथली रीतच पडली होती.

"मला जरा लहान..."

"लहान गाडी हवीय, पण सासूबाई अधूनमधून मागे बसतात. बरोबर? मग ही बघा."

सासूबाई वारलेल्या असल्या तरी माणूस मोठी गाडी घेऊन जायचा.

त्याच आवारात क्लेम बार्टलेट नावाचा दुसरा विक्रेता होता. तो मोजकं बोलायचा. दुपारी खिम्याची पेस्ट्री खाता खाता तो एखादा किस्सा सुरू करायचा आणि मर्व्ह तो संपवायचा, बहुतेक वेळा चुकीचा. क्लेमचे कितीतरी किस्से असे अर्धवटच राहिले. तरी दोघांची दोस्ती टिकली, कारण भांडण काढायलासुद्धा क्लेमला मध्ये बोलावं लागलं असतं.

मर्व्ह निवृत्त झाला आणि हे सगळं बोलणं घरी आलं. त्याची बायको नोलीन सोशिक होती, पण तिचा सोशिकपणा फक्त रविवारपुरता मापून शिवलेला होता.

"मर्व्ह," ती एकदा म्हणाली, "इतकी वर्षं आपला संसार सुखाचा झाला असं मी सगळ्यांना सांगत होते. आता कळतंय, तो त्या आवारामुळे झाला."

"म्हणजे तुला म्हणायचंय की..."

"मला काय म्हणायचंय ते मलाच म्हणू दे ना एकदा तरी!"

ती हिरवळीवर गोळे घरंगळवायच्या बोल्स क्लबात जायला लागली, तर हा मागोमाग. हिरवळीवर बायका नेम धरत असताना तो वाऱ्याची दिशा समजावून सांगायचा. क्लबाच्या अध्यक्षीणबाईंनी नोलीनला चहा पाजला आणि फार गोड शब्दांत सांगितलं, की तू ये, पण एकटी ये. त्याच आठवड्यात नोलीनने ग्रंथालयातल्या फलकावरून एक कागद काढून आणला. युनिव्हर्सिटीला पेशंट हवे होते. आजार असण्याची अट नव्हती.

भानगड अशी होती. ज्यांची वाचा गेलीय, जीभ अडखळते किंवा घास घशात अडकतो, अशा माणसांना सावरण्याची एक विद्या असते. तिला वाचाउपचार म्हणतात. ती शिकणाऱ्या पदव्युत्तर पोरापोरींना खऱ्या पेशंटांसमोर बसून ठरावीक काळ काम करावं लागतं, त्याशिवाय पदवी मिळत नाही. पण हॉस्पिटलं जितके विद्यार्थी घ्यायला तयार होती, त्याच्या दुप्पट युनिव्हर्सिटीने भरून ठेवले होते. हॉस्पिटलवाले फोन उचलेनासे झाले. तेव्हा युनिव्हर्सिटीने तिसऱ्या मजल्यावर स्वतःचंच एक खोटं हॉस्पिटल थाटलं. खाट खरी होती, सलाइनच्या बाटलीत नळाचं पाणी होतं, खिडकीच्या जागी बागेचं चित्र होतं आणि एका भिंतीला मोठा आरसा होता. आरशामागे परीक्षक बसायचे, त्यांना तिकडून सगळं दिसायचं. कमी होती ती फक्त पेशंटची.

या खोट्या हॉस्पिटलच्या खऱ्या प्रमुख होत्या डॉ. फिलिपा ऑर्चर्ड. मुलाखतीला मर्व्ह गेला तो थेट दाताच्या डॉक्टरांकडून. सकाळीच त्याची दाढ काढली होती, अर्धा जबडा बधिर होता आणि गालात कापूस होता.

"नाव?" फिलिपाबाईंनी विचारलं.

"म... मव्... ट्रे..."

बाईंनी पेन खाली ठेवलं. मर्व्हने दाढेचं सांगायचा प्रयत्न केला. जितका जास्त प्रयत्न केला तितकी बाईंची मुद्रा गंभीर होत गेली. शेवटी त्याने नुसतंच गालाकडे बोट दाखवलं आणि हताश होऊन हात खाली टाकला.

"अप्रतिम," बाई हळूच म्हणाल्या. "कुठे शिकलात हे?"

दाढेची गोष्ट मर्व्हने पुढेही कधी सांगितली नाही.

त्याला जो पेशंट दिला त्याचं नाव केनेथ. निवृत्त पोस्टमन. मेंदूचा झटका येऊन उजवा हात लुळा पडलेला. त्याला समजतं सगळं, पण बोलता येतात तीनच शब्द: हो, नाही आणि चहा. संहितेत शेवटी कंसात लिहिलं होतं, 'डोळ्यांत पाणी (ऐच्छिक)'. मर्व्हने ऐच्छिक हा शब्द खोडला.

पहिल्याच दिवशी एक मुलगी समोर येऊन बसली. तिने विचारलं, "केनेथ, घरी तुम्हाला सगळ्यात जास्त कशाची आठवण येते?" आणि ती थांबली. मर्व्हने तोंड उघडलं, मिटलं. ती थांबलेलीच. पुढे झुकून, त्याच्या तोंडाकडे बघत, जणू आता तिथून काहीतरी मौल्यवान पडणार आहे. आयुष्यभर तो बोलला होता, लाखो शब्द बोलला होता, आणि एकाही माणसाने त्याच्या पुढच्या शब्दाची अशी वाट बघितली नव्हती. लोक वाट बघायचे ती त्याने थांबावं म्हणून.

"च... चहा," तो म्हणाला.

मुलीचे डोळे भरून आले. मर्व्हचेही आले, आणि ते ऐच्छिक नव्हतं.

त्या दिवसापासून मर्व्ह कलावंत झाला. घरी तो आरशासमोर ओठाचा एक कोपरा खाली ओढायचा सराव करायला लागला. जेवताना डाव्या हाताने खायला लागला. सॉस हवा असला की बाटलीकडे बघून नुसता "हं... हं..." करायचा. नोलीनला पहिले काही आठवडे स्वर्गसुख वाटलं. मग एक दिवस तिने बाटली त्याच्यासमोर आपटली.

"तोंडाने माग."

"स... स..."

"मर्व्ह, आपल्या आरोग्य केंद्रातली नर्स मला रस्त्यात थांबवून विचारत होती, झटका कधी आला म्हणून. क्लबात माझ्यासाठी लॅमिंग्टनचे केक करून आणतायत बायका. सहानुभूतीचे! मी खाल्ले, पण मला लाज वाटली."

"चांगले होते?"

"आता बरं फुटलं तोंड!"

परीक्षा झाली की प्रत्येक विद्यार्थ्याला केनेथकडून दोन शब्द ऐकवायची पद्धत होती. इथे मर्व्हची जीभ सुटायची. "मला बोलायला वेळ दिला नाहीस," तो गंभीर आवाजात सांगायचा. "माझं वाक्य तू संपवलंस. माणसाचं वाक्य त्याच्या तोंडून काढून घेणं म्हणजे त्याचा घास काढून घेणं, समजलं? मनात दहा आकडे मोज. मग बोल." पोरं माना खाली घालून लिहून घ्यायची. आरशामागे फिलिपाबाई धन्य धन्य व्हायच्या.

दोन-तीन वर्षांत केनेथची कीर्ती पसरली. पुढच्या वर्गाने मागच्या वर्गाला त्याच्या खाणाखुणा सांगून ठेवल्या. केनेथला चित्रांची पुस्तिका डाव्या बाजूने दाखवायची. केनेथ बायकोचा विषय निघाला की रडतो. केनेथपुढे कोणतं ध्येय ठेवायचं? 'कॅफेत जाऊन स्वतः कॉफी मागणे'. केनेथला कॉफी म्हणता येत नव्हतं आणि तो बिचारा चहा पिणारा, पण कॉफीच्या ध्येयाला गुण चांगले पडतात असं सिद्ध झालं होतं. ब्रेंडन नावाचा एक हुशार मुलगा तर खुर्चीवर बसता बसताच मर्व्हच्या हातात कागदी रुमाल द्यायचा. मर्व्हला अजून रडूही आलेलं नसायचं. पण रुमाल दिलाच आहे म्हटल्यावर तो रडायचा.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना क्लेमला झटका आला. खोटा नव्हे.

क्लेमच्या मुलीचा फोन आला, आणि मर्व्ह दुसऱ्याच दिवशी हॉस्पिटलात गेला. जाताना नोलीनला म्हणाला, "लोक गोंधळून जातात अशा वेळी. मी या विषयातला माणूस आहे."

क्लेम खुर्चीत बसला होता. एक हात उशीवर ठेवलेला. मर्व्हला बघितल्याबरोबर त्याचा चेहरा उजळला आणि तो म्हणाला,

"च्यायला!"

"क्लेम! गड्या! बोलतोयस की छान!"

"च्यायला," क्लेम म्हणाला. या वेळी दुःखाने.

झटक्याने क्लेमचे सगळे शब्द नेले होते आणि हा एकच ठेवला होता. खऱ्या आजारात असं बऱ्याचदा होतं. बाकीचं सगळं जातं आणि शिवी शाबूत राहते. केनेथच्या संहितेत याबद्दल अवाक्षर नव्हतं. मर्व्ह गडबडला. आणि गडबडल्यावर माणूस जे करतो ते त्याने केलं; तो बोलायला लागला. फुटबॉलचा निकाल, नोलीनचा क्लब, पेट्रोलचे भाव. क्लेम बहिरा झाल्यासारखा तो मोठमोठ्याने बोलत होता. क्लेम मध्येच पायाकडे बोट दाखवायचा, मांडी चापटायचा, "च्यायला! च्यायला!" म्हणायचा.

"पाय दुखतोय? नर्सला बोलावू? नाही? मग थंडी वाजतेय. बरोबर! पांघरूण देतो. नाही? लघवीला जायचंय! आधी सांगायचं ना राजा!"

क्लेमने पांघरूण जमिनीवर फेकलं.

"मिस्टर ट्रेगीर?" मागून आवाज आला. "केनेथ?"

दारात एक मुलगी उभी होती. थुई तिचं नाव. इथून जवळच, सेंट ऑल्बन्सला राहायची. सहा महिन्यांपूर्वी केनेथपुढे बसली होती आणि चांगले गुण घेऊन गेली होती. आता या हॉस्पिटलात तिचं खरं प्रशिक्षण चालू होतं.

"इथे कसं चाललंय?" मर्व्हने विचारलं.

"नापास होतेय," थुई सरळ म्हणाली. "इथला एकही पेशंट तुमच्यासारखा नाहीये. पहिल्याच आजोबांना मी चित्रांची पुस्तिका डाव्या बाजूने दाखवली, त्यांनी ती माझ्या डोक्यात घातली. मी अहवालात लिहिलं, 'पेशंटचं वागणं अपेक्षेप्रमाणे नाही.' इथे आम्हाला शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, कोणाच्या अपेक्षेप्रमाणे? मी म्हटलं, केनेथच्या. तर म्हणाल्या, त्या केनेथला एकदा माझ्यासमोर आणून उभा करा. दरवर्षी पोरांची वाट लावून पाठवतो तो."

मर्व्हने घसा खाकरला. "क्लेमचं मी बघतोय. त्याला थंडी..."

"थांबा," थुई म्हणाली. "मनात दहा आकडे मोजा. तुम्हीच शिकवलंत ना."

ती क्लेमसमोर खाली बसली. काही विचारलं नाही. क्लेम मांडी चापटून "च्यायला" म्हणाला. ती थांबली. मर्व्ह तीनपर्यंत पोचला आणि त्याचे ओठ हलायला लागले. त्याने तोंडावर हात दाबून धरला. सातपर्यंत त्याला घाम फुटला. खुर्चीत बसून वाट बघायला लावणं आणि उभं राहून वाट बघणं यातलं अंतर त्याला ठाऊकच नव्हतं. क्लेमने डाव्या हाताने पँटचं ढगळ कापड चिमटीत धरलं, वर उचललं आणि सोडून दिलं.

थुईने पँटकडे बघितलं. मग कमरेच्या आतल्या पट्टीवरचं नाव वाचलं.

"ही पँट तुमची नाही," ती म्हणाली. "दुसऱ्याच कुणाची घातलीय तुम्हाला."

"च्यायलाऽ!" क्लेम असा ओरडला की बाजूच्या खोलीतल्या आजीबाईंनी टाळ्या वाजवल्या. त्याच्या गालावरून पाणी ओघळलं. तीन दिवस तो हेच सांगत होता, आणि तीन दिवस त्याच्या नावापुढे 'चिडचिड' एवढंच लिहिलं जात होतं.

परतताना मर्व्ह बसमध्ये एक शब्द बोलला नाही. या वेळी तो सराव करत नव्हता.

पुढच्या पंधरवड्यात वार्षिक परीक्षा होती. थुईलाही पदवीसाठी पुन्हा बसायचं होतं. मर्व्हने ठरवूनच ठेवलं होतं. पहिला आला ब्रेंडन. बसला, रुमाल पुढे केला आणि म्हणाला, "केनेथ, आज आपण कॅफेत कॉफी..."

"च्यायला," केनेथ म्हणाला.

ब्रेंडनचा हात हवेत राहिला. त्याने आरशाकडे बघितलं. आरशात त्याला ब्रेंडनच दिसला.

"केनेथ, म्हणजे... चहा?"

"च्यायला!" केनेथने रुमाल फेकून दिला आणि आपल्या सदऱ्याची बाही धरून खेचायला लागला. मर्व्हने मुद्दाम आतून उलटा सदरा घातला होता.

ब्रेंडनने त्याला आधी बायकोबद्दल विचारलं, मग पोस्टाबद्दल, मग कॉफीबद्दल परत एकदा. दिवसभर एकामागून एक असंच चाललं. एकीने घाबरून सलाइनची बाटली तपासली. एकाने केनेथला दुसरा झटका आलाय असं जाहीर करून मदतीची घंटा दाबली. थुई आली, बसली, थांबली, आणि थोड्या वेळाने म्हणाली, "सदरा उलटा आहे. मी मदत करू का, की तुम्हीच बदलता?"

"च्यायला," मर्व्ह कृतज्ञतेने म्हणाला.

संध्याकाळच्या आत ब्रेंडनची तक्रार फिलिपाबाईंच्या टेबलावर होती. बाईंनी मर्व्हला बोलावून घेतलं. बाजूला समितीचे दोन सदस्य बसले होते.

"मिस्टर ट्रेगीर, हे काय केलंत?"

"माझ्या मित्राला खरोखर असं झालंय, बाई. हॉस्पिटलात जाऊन बघा. चहा-बिहा काही नाही. एकच शब्द उरलाय."

"असेल. पण केनेथला तसं झालेलं नाही."

"केनेथ कुठे आहे?"

"केनेथ प्रमाणित आहे," बाई म्हणाल्या. "प्रत्येक विद्यार्थ्याला तोच केनेथ मिळाला पाहिजे. त्यातच न्याय आहे."

"पण खरी माणसं अशी नसतात."

"अर्थातच नसतात! खरी माणसं प्रमाणित असती तर तुम्हाला कशाला ठेवलं असतं आम्ही?"

समितीच्या दोन्ही सदस्यांनी मान डोलावली. मर्व्ह बोलायला गेला आणि त्याच्या लक्षात आलं, की या वाक्याला उत्तर देता येईल असा शब्द त्याच्या उभ्या आयुष्यातल्या साठ्यात नाही. एक होता, पण त्याच्यावरूनच हे सगळं सुरू झालं होतं.

परीक्षा रद्द झाली. नवा केनेथ आणला. एक निवृत्त बँक मॅनेजर, अगदी शिस्तीत रडणारा. ब्रेंडन पहिला आला. थुई काठावर पास झाली. शेऱ्यात लिहिलं होतं, 'विनाकारण थांबते'. पण हॉस्पिटलात शिकवणाऱ्या त्या बाईंनी तिच्याबद्दल वेगळं पत्र दिलं, आणि ती मिल्ड्युराच्या हॉस्पिटलात नोकरीला लागली. तिकडे वाचाउपचार करणारं दुसरं कोणी नव्हतं, त्यामुळे ती विनाकारण थांबते अशी तक्रार करायलाही कोणी नव्हतं.

मर्व्हला काढून टाकलं नाही. माणूस जुना होता. त्याला केनेथच्या बडबड्या मेहुण्याचं काम दिलं. खाटेजवळ उभं राहून पेशंटला एक शब्द बोलू द्यायचा नाही आणि विद्यार्थ्याने त्याला कसं आवरलं यावर गुण. मर्व्हने तीन वेळा केलं. तिन्ही वेळा तो मध्येच थांबून खाटेवरच्या बँक मॅनेजरकडे बघत राहिला. समितीने कळवलं, की बडबड्या माणसाची भूमिका पटत नाही, अनुभव कमी पडतो. नोलीनने ते पत्र वाचलं आणि हसता हसता तिला ठसका लागला. पत्र घेऊन ती क्लबात गेली.

वर्षभराने समितीने केनेथच्या संहितेत सुधारणा केली. वास्तवाच्या अधिक जवळ जाण्यासाठी पेशंटने एक सौम्य उद्गार काढावा असं ठरलं. बऱ्याच चर्चेनंतर 'अरेच्चा' हा उद्गार मान्य झाला. तो चौथ्या मिनिटाला येतो, हे आता सगळ्या विद्यार्थ्यांना पाठ आहे.

मर्व्ह दर गुरुवारी क्लेमकडे जातो. क्लेम आता घरी आहे, स्वतःच्या पँटमध्ये. पहिले काही महिने मर्व्ह दहा आकडे मोजायचा, चारवरच घसरायचा, परत एकपासून सुरू करायचा. एका गुरुवारी टीव्हीवर फुटबॉलचा सामना लागला होता. मर्व्हला राहवलं नाही आणि तो पंचाच्या घराण्याविषयी सविस्तर बोलायला लागला. क्लेमने त्याच्याकडे वळून बघितलं. ओठ हलवले. कपाळावरच्या शिरा फुगल्या. मर्व्ह थांबला आणि या वेळी दहाच्या पुढे गेला.

"ग..." क्लेम म्हणाला. "गप."

मर्व्हने क्लेमच्या मुलीला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं. तिच्या नवऱ्याला बोलावलं. कुंपणापलीकडच्या शेजाऱ्यालाही बोलावलं. सगळे आले आणि क्लेमने सगळ्यांना तो नवा शब्द एकेकदा ऐकवला. शेजारी जरा नाराज झाला. मर्व्हने मिल्ड्युराला फोन लावून थुईला तो शब्द ऐकवला. मग सगळ्यांनी चहा घेतला, आणि सामना संपेपर्यंत कोणी फारसं बोललं नाही.